शैलजाताईंना लावलेलं विशेषण

शैलजाताई,

तुमच्या फोटोखाली तो शब्द पुन्हा मीच घातला. तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी हॉस्पिटलच्या अधीक्षकांचा फोन आला. लॅबमध्ये फोटो लावायचा आहे, खाली इंग्रजीत दोन ओळी हव्यात, तुम्हीच सांगा, तुम्ही त्यांच्याबरोबर सगळ्यात जास्त वर्षं काम केलंय. मी उभ्या उभ्या दोन ओळी सांगितल्या. सुरुवात 'अवर इनडिफॅटिगेबल कलीग' अशी. विचार करावाच लागला नाही. अकरा वर्षं तुमच्या वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर हाच शब्द लिहीत आलो होतो.

शोकसभेला तुमची इरा आली होती. मोजक्याच लोकांशी बोलली. सभा संपल्यावर लॅबमध्ये आली, फोटोसमोर उभी राहिली, खालच्या ओळी वाचल्या आणि मला म्हणाली, "काका, इनडिफॅटिगेबल मतलब जो कधी थकतच नाही, तोच ना?"

"हो."

"पण आई तर रोज थकून यायची."

आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या रिपोर्टातली चूक दाखवावी तसं म्हणाली. मग थोड्या वेळाने, "डॉक्टर बोलले, थोडं आधी कळलं असतं तर काही करता आलं असतं. पण कळणार तरी कसं? तुम्ही सगळे रोज तिच्यासोबत होते. तुम्हालापण काही दिसलं नाही ना?"

मी "नाही" म्हणालो.

त्या 'नाही'साठी हे लिहितो आहे. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, कारण तुम्ही वाचणार नाही. पण नंतर हे इराला सांगावं लागणार आहे, आणि त्याआधी सगळं क्रमाने मांडून बघायला हवं. तुमचीच सवय. स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवल्यावर तुम्ही कधीच थेट मधोमध बघायचा नाहीत. एका कडेने सुरू करायचात.

तो शब्द कुठून आला, ते आधी. मी विभागप्रमुख झालो तेव्हा जाणाऱ्या सरांनी फॉर्मचा गठ्ठा माझ्या हातात दिला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "यहाँ एक भारी-सा शब्द डाल दिया करो. ऊपर कोई पढ़ता नहीं, पर खाली ठीक नहीं लगता." मी प्रत्येकासाठी एक शब्द शोधला. रामावतारजी आपल्या लॅबचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ, त्यांना 'मेटिक्युलस', म्हणजे काटेकोर, दिला. तुम्हाला हा. पुढच्या वर्षी तीच फाइल उघडली, वर्ष बदललं, छापली. त्याच्या पुढच्या वर्षीही. अकरा वर्षांत तुमच्या रकान्यात एक स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही.

तुम्ही पहिल्यांदा वाचला त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मला धरलंत.

"जयंतराव, हे काय लिहून ठेवलं बाप्पा?"

"चांगलं लिहिलंय की. अथक."

"अथक माणूस पाहिला काय तुम्ही कधी? अथक परिश्रम असतात, अथक प्रयत्न असतात. आमच्या अमरावतीत तरी माणसाला कोणी अथक म्हणत नाही. माणूस थकते."

"इंग्रजीत म्हणतात."

"म्हणत असतील. त्यांच्याकडं न थकणारे घोडे बी बरेच."

रामावतारजी इथलेच, हिंदी मुलखातले, त्यांना मराठी कळत नव्हतं, पण तुमच्या बोलण्याच्या सुरावरून ते हसायला लागले. दुसऱ्या दिवशी तुम्ही घरचा जाडा शब्दकोश बघून आलात. शब्दाचा अर्थ 'न थकणारा' असा नाहीच, तर 'ज्याला दमवून टाकता येत नाही असा' आहे, असं तुम्ही मला ऐकवलंत. "म्हणजे पाहा, कोणीतरी दमवायच्या मागे लागलेला असल्याशिवाय हा शब्द वापरताच येत नाही. आता तो कोण, ते लॅबमध्ये सगळ्यांनाच माहीत आहे." आणि माझ्याकडे बघत डब्यातली भाकरी मोडलीत. मी सांगलीकडचा, मला ही वऱ्हाडी फिरकी नेहमी उशिरा कळायची. मी हसलो. वाद तिथेच राहिला आणि अकरा वर्षं राहिला. दर एप्रिलमध्ये तुम्ही फॉर्म वाचायचात, "आला का घोडा?" म्हणायचात आणि सही करायचात.

एका वर्षी मात्र सही करण्याआधी थांबलात. आपल्या हॉस्पिटलचे बेड वाढले होते आणि स्लाइड जवळजवळ दुप्पट झाल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "या वर्षी तो शब्द काढा. लिहा, बाई थकल्या आहेत, दुसरा पॅथॉलॉजिस्ट द्या. एवढंच लिहा."

मी समजावलं, की मूल्यमापनात असं लिहिलं तर वरचे लोक त्याचा अर्थ तुम्हाला काम झेपत नाही असा काढतील. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टसाठी मी वेगळा अर्ज करतो. हे खोटं नव्हतं. अर्ज केलाही. सी-स्कीम भागातल्या हॉस्पिटलच्या मुख्य कार्यालयात व्यवस्थापकांसमोर बसलो. त्यांनी तुमची फाइल मागवून घेतली, सगळे फॉर्म एकेक करून उलटले आणि म्हणाले, "डॉक्टर साब, आप ही तो हर साल लिख रहे हो, इनडिफॅटिगेबल. फिर दूसरा किसलिए?"

माझ्याकडे उत्तर होतं. मी दिलं नाही. तो शब्द सजावटीसाठी आहे, तो कोणी वाचत नाही म्हणून लिहितो, असं सांगितलं असतं तर बाकी सगळ्या फॉर्मांवरच्या माझ्या सह्या काय कामाच्या राहिल्या असत्या? परत येऊन तुम्हाला सांगितलं की बजेट नाही. फाइल उलटण्याची गोष्ट सांगितली नाही. ती आज सांगतो आहे.

तुमचं माझ्यावर जे ऋण आहे, तेही इथेच लिहायला हवं, कारण ते आठवलं की पुढचं जास्त बोचतं. टोंक गावाहून आलेल्या एका बाईंचा रक्ताचा रिपोर्ट मी नॉर्मल म्हणून सही करून दिला होता. तो बाहेर जायच्या आधी तुम्ही माझ्या खोलीत आलात आणि दार लोटून घेतलंत. हातात स्लाइड होती. "जयंतराव, परत बघा." एवढंच. काय दिसेल ते सांगितलं नाही. मी परत बघितलं. तिसऱ्या मिनिटाला मला त्या कॅन्सरच्या पेशी दिसल्या. रिपोर्ट बदलला. बाईंवर वेळेत उपचार सुरू झाले. ही गोष्ट तुम्ही कोणालाही सांगितली नाहीत, चेष्टेतसुद्धा नाही. मी एकदा आभार मानायला लागलो तर म्हणालात, "तुमच्या जागी मी असते तर तुम्ही बी म्हणालाच असता ना, परत बघा म्हणून." मी "हो" म्हणालो होतो.

आता गेल्या जानेवारीतला तो दिवस. तुम्ही सोडून तो फक्त मला आणि रामावतारजींना ठाऊक आहे, आणि रामावतारजींना तो नुसता मशीन बिघडल्याचा दिवस म्हणून लक्षात आहे.

रक्तपेशी मोजायच्या मशीनवर रोज सकाळी आधी कंट्रोल चालवायचं, म्हणजे ज्याचे आकडे आधीच माहीत आहेत असं तयार रक्त, आणि आकडे जुळले तरच पेशंटची सॅम्पल लावायची, हा नियम. ते कंट्रोल दिल्लीहून बर्फात येतं. त्या आठवड्यात धुक्यामुळे गाड्या अडकल्या होत्या आणि आपल्याकडचं संपलं होतं. अशा वेळी आपली एक जुनी पद्धत होती. पुस्तकात ती नाही, पण लॅबमध्ये होती. तुमचं रक्त लावायचं. तुमचं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं बारा पॉइंट आठच्या आसपास यायचं. रामावतारजी म्हणायचे, "मैडम का खून तो कंपनी के कंट्रोल से भी पक्का है." तुम्ही बाही वर करायचात, ते सुई टोचायचे, बारा-आठ यायचं आणि दिवस सुरू व्हायचा.

त्या दिवशी नऊ पॉइंट चार आलं.

"मशीन गया काम से," रामावतारजी म्हणाले. "सर, आज सैंपल मत लगवाओ."

तुम्ही दंडाशी कापूस दाबून उभ्या होतात. आम्ही मशीन धुतलं आणि पुन्हा लावलं. नऊ पॉइंट पाच. पुन्हा धुतलं. मी इंजिनिअरला फोन केला आणि पेशंटची सॅम्पल जुन्या मशीनवर न्यायला सांगितली. तासभर धावपळ. दुपारी दिल्लीचं पार्सल आलं. नवीन कंट्रोल लावलं तर आकडे तंतोतंत जुळले. रामावतारजींनी मशीनला हात जोडले. दोनदा धुतल्याने सुटलं, असं आम्ही ठरवून टाकलं. मशीन दुपारी बरोबर होतं तर सकाळी चूक का असावं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी पंचवीस वर्षं हेच काम करतो. नोंदवहीत मी इंग्रजीत लिहिलं, की सकाळचं वाचन सदोष, मशीन स्वच्छ केल्यावर अडचण दूर. खाली सही.

तुम्ही विचारलं होतं, "मग संध्याकाळी माझं एकदा परत काढू या का?"

आणि मी म्हणालो, "कशाला? मशीन ठीक झालंय आता."

बाही खाली केलीत आणि स्लाइडकडे गेलात. त्या क्षणी तुमच्या मनात काय होतं, हे मी पुष्कळ वेळा ठरवून पाहिलंय. कधी वाटतं, तुम्हालाही मशीनच चुकलं असं वाटलं असेल. कधी वाटतं, तुम्हाला कळलं होतं, आणि माझ्या तोंडून 'परत बघू' असं यावं म्हणून तुम्ही एकदाच दार किलकिलं केलंत. ठरत नाही. विचारायला चार महिने होते, मग आणखी सहा. विचारलं नाही.

दमण्याबद्दल तुम्ही त्याच्या आधीही बोलला होतात. घरी जाताना आपल्या मानसरोवर भागातल्या मेट्रो स्टेशनचा जिना उतरताना मध्येच थांबलात आणि म्हणालात, "हल्ली फार दमायला होतं हो." आणि मी, तुमचा शेजारी, सहकारी, पॅथॉलॉजिस्ट, काय म्हणालो? "तुमच्या मूल्यमापनात तर तसं कुठे लिहिलेलं नाही." तुम्ही हसलात. चांगला विनोद होता, असं मला घरी पोहोचेपर्यंत वाटत होतं. आपल्या धंद्यात दमणं हे लक्षण असतं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी पहिला प्रश्न विचारला असता, हिमोग्लोबिन किती आहे?

मे महिन्यात पोटात दुखायला लागलं आणि तपासण्या झाल्या. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. अशा ठिकाणचा, जिथे तो बराच काळ काही दाखवत नाही, नुसतं थोडं थोडं रक्त जात राहतं आणि माणूस दमतो. तोवर तो यकृतापर्यंत गेला होता. जानेवारीत कळलं असतं तर तुम्ही वाचला असतात का? मला माहीत नाही. हे मी स्वतःला सोडवण्यासाठी म्हणत नाही, खरंच कोणाला माहीत नाही. चार महिने मिळाले असते एवढंच नक्की, आणि त्या चार महिन्यांत तुम्ही रोज ढिगाने स्लाइड बघितल्यात. तुमची सही असलेले रिपोर्ट मी नंतर काढून बघितले. एकही चूक नाही.

आजारपणात मी दर रविवारी येत होतो. इराने केलेला चहा यायचा, साखर जास्त. तुम्ही तिला म्हणायचात, "अगं, काकांना डायबिटीस करशील," आणि ती म्हणायची, "मग काका स्वतःच्या लॅबमध्ये टेस्ट करून घेतील, मम्मा, टेन्शन नको घेऊ." तुमचं सॅम्पल आपल्याच लॅबमध्ये यायचं आणि मी आकडे फोनवर सांगायचो. एकदा आकडे सांगायच्या आधी तुम्ही विचारलंत, "बोला, काय म्हणते आज तुमचं मशीन?" तुमच्या आवाजात टोमणा होता की नव्हता, हे त्या वाक्याच्या प्रत्येक शब्दावर वेगवेगळा जोर देऊन मी मनात म्हणून बघितलंय. मी त्या दिवशी नुसता आकडा सांगितला. सात पॉइंट नऊ.

एक गोष्ट मात्र तुम्ही स्पष्ट बोललात. शेवटच्या महिन्यात, तुम्ही उशीला टेकून बसला होतात. "जयंतराव, एक सांगू? तो शब्द मला आवडायचा." मी चहा ढवळत राहिलो. "चिडवत होते तुम्हाला, ते खरं. पण मी एकटी बाई, लेकीला घेऊन, इतक्या लांबच्या गावात. वर्षातून एकदा कोणीतरी कागदावर लिहून द्यायचं, की हिला कोणी दमवू शकत नाही. मी तो कागद घरी आणून ठेवायची. मग कधी दमलेच तर वाटायचं, असं कसं? कागदावर तर नाही."

मी चहाचा कप खाली ठेवला. त्यानंतर तुम्ही इराच्या नोकरीबद्दल बोलायला लागलात.

तेव्हापासून या शब्दाचा मी बराच विचार केला. तो कुठे कुठे वापरतात ते बघत बसलो. निरोप समारंभात, मानपत्रात, मृत्युलेखात. ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूस एकतर निघालेला असतो किंवा गेलेला. चालू कामात तो कोणी वापरत नाही, कारण चालू कामात माणूस दमलेला समोर दिसत असतो. मी तो अकरा वर्षं चालू कामात वापरला. त्याचा अर्थ मला ठाऊक होता, तुम्ही शब्दकोशासह शिकवला होता. पण मी वर्णन लिहितोय असं मला वाटत होतं, आणि तुमच्या हातात पोहोचेपर्यंत त्याचा हुकूम झालेला होता. व्यवस्थापकांनी तो हुकूम म्हणून वाचला. तुम्हीही. आणि त्या जानेवारीच्या सकाळी मीही तसाच वाचला, नाहीतर तुमच्या शरीराऐवजी मशीनवर संशय का घेतला असता?

एवढं लिहून झाल्यावर मी पाच दिवस हे कागद बाजूला ठेवले. मग गेल्या रविवारी नोंदवहीच्या त्या पानाची झेरॉक्स घेऊन तुमच्या घरी गेलो.

इरा एकटीच होती. बसा म्हणाली. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. शोकसभेत मी तिला 'नाही' म्हणालो ते खोटं होतं. दिसलं होतं, आकड्यात दिसलं होतं, आणि मी मशीन चुकलं असं लिहून सही केली. पान तिच्यापुढे ठेवलं. फाइल उलटण्याची गोष्टही सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये फक्त एकदाच विचारलं, "नॉर्मल किती असतं?" मी सांगितलं. मग तिने पानावरचा तो आकडा पुन्हा वाचला.

"आईला माहीत होतं?"

"मला माहीत नाही. त्यांनी परत काढू या म्हटलं होतं."

"आणि तुम्ही?"

"मी नको म्हटलं."

ती आत गेली. बराच वेळ नळाचं पाणी वाहत होतं. परत आली तेव्हा हातात कोरा कागद आणि पेन होतं. "हे मला लिहून द्या, काका. इंग्लिशमध्ये. तुमचं मराठी मला सगळं नाही वाचता येत, आणि मला नंतर परत वाचायचं आहे."

मी लिहायला बसलो. चार ओळी. त्या तारखेला मशीनने हा आकडा दाखवला, तो बरोबर होता, विभागाने त्याचा पाठपुरावा केला नाही. तिने उभ्यानेच वाचलं.

"विभाग मतलब कोण?"

मी तो शब्द खोडला आणि 'मी' लिहिलं. सही केली. तारीख घातली. तिने कागद घेतला, खोडलेल्या जागेवर अंगठा ठेवला.

"राग येतोय मला," ती म्हणाली. "खूप येतोय. पण आत्ता काय बोलू ते कळत नाहीये. तुम्ही जा. बोलायचं असेल तेव्हा मी फोन करीन."

"बरं."

"तुम्ही नका करू."

मी चपला घातल्या. जिन्यात उतरताना मागे कडी लागल्याचा आवाज आला.

आज बुधवार आहे, ताई. फोन आलेला नाही. मी केलेला नाही.